एका चुलीचा पाव

सर्बियातील शहरांत पहाटेपासून बेकऱ्या उघडतात आणि ताजा पाव विकत आणणे ही तेथे अगदी नित्याची गोष्ट आहे. रोजचा पाव घरी भाजण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, खेड्यांतून शहरांकडे झालेल्या मोठ्या स्थलांतराबरोबर मागे पडली. तरीही वर्षातले काही दिवस असे आहेत की त्या दिवशीचा पाव घरातच मळला जावा, अशी अपेक्षा आजही केली जाते, आणि एरवी पिठाला हात न लावणाऱ्या घरांतही त्या दिवसासाठी कणीक भिजते. रोजचा पाव घराबाहेर गेला, पण सणाचा पाव घरात राहिला, याचे कारण चवीत शोधून सापडत नाही. ते सर्बियन कुटुंबाच्या रचनेत सापडते. घर म्हणजे कोण, त्यात कोण आले, त्यातून कोण वेगळे झाले आणि कोण कायमचे गेले, हे त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पावाच्या साहाय्याने सांगितले आहे. त्यामुळे तेथील घरगुती पावाचा विचार करताना पीठ, खमीर आणि विस्तव यांच्याइतकाच नात्यांचाही विचार करावा लागतो.

गव्हाचा प्रदेश, मक्याचा प्रदेश

सर्बियाचे उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील भाग शेतीच्या दृष्टीने एकमेकांपासून फार वेगळे आहेत. डॅन्यूब आणि सावा या नद्यांच्या उत्तरेला असलेला वोयवोदिना हा प्रांत म्हणजे पॅनोनियन मैदानाचा सपाट, काळ्या मातीचा तुकडा असून तेथे गहू भरपूर पिकतो, त्यामुळे तेथील शेतकऱ्याच्या घरी पांढऱ्या गव्हाच्या पावाची परंपरा जुनी आहे. या भागातला त्सिपोव्का नावाचा मोठा, गोल, फुगीर पाव एकदा भाजला की कित्येक दिवस पुरत असे, आणि काही घरांत तो मऊ राहावा म्हणून कणकेत उकडलेला बटाटा कुस्करून घालत. मैदानात जंगल कमी असल्याने मातीच्या भट्ट्या लाकडांऐवजी गव्हाच्या काडाने आणि मक्याच्या ताटांनी तापवल्या जात. याउलट दक्षिणेकडील शुमादिया, झ्लातिबोर आणि त्यापलीकडच्या डोंगराळ मुलखात ओक आणि बीच वृक्षांची जंगले, मेंढ्या, डुकरे आणि अरुंद शेते असा संसार होता. तेथे गहू थोडा आणि मका अधिक अशी स्थिती दीर्घकाळ राहिली.

मका अमेरिकेतून युरोपात आला आणि ऑटोमन साम्राज्याच्या काळात बाल्कन प्रदेशात पसरला. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तो सर्बियन शेतकऱ्याचे मुख्य धान्य बनला आणि त्याने बार्ली, राय व वरी यांसारख्या जुन्या धान्यांना मागे सारले. मक्याच्या पिठाच्या जाड, पिवळ्या पावाला प्रोया म्हणतात. मक्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हाची कणीक ताणली गेली तरी तुटू न देणारे प्रथिनांचे जाळे, तयार होत नाही. म्हणून खमिराने निर्माण केलेला वायू त्या पिठात कोंडून राहत नाही आणि प्रोया फुगत नाही. पीठ निदान एकजीव व्हावे यासाठी त्यावर उकळते पाणी ओतून ते भिजवण्याची पद्धत होती, कारण उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकट होऊन कण धरून ठेवतो. तांदळाच्या भाकरीसाठी मराठी घरांत उकड काढतात ती याच कारणाने. प्रोया गरम असतानाच हाताने मोडून ताक, चीज किंवा कायमाक यांच्याबरोबर खाल्ली जाते. कायमाक म्हणजे तापवलेल्या दुधावरची साय थरावर थर साठवून आणि किंचित मीठ घालून मुरवलेला पदार्थ.

या पार्श्वभूमीमुळे डोंगरी सर्बियात गव्हाच्या पावाला जे स्थान मिळाले ते समजून घेता येते. रोज प्रोया खाणाऱ्या घरात गव्हाचे पीठ सणासाठी, पाहुण्यासाठी, बाळंतिणीसाठी आणि मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवलेले असे. पोगाचा नावाचा गोल, चपटा पाव हे त्याचे उत्तम उदाहरण आहे: खमीर येईपर्यंत थांबायला वेळ नसेल तेव्हाही तो थोडा सोडा घालून किंवा तसाच बिनखमिराचा निखाऱ्यांच्या उष्णतेवर भाजता येत असे, आणि आलेल्या माणसासमोर भरतकाम केलेल्या टॉवेलवर तो मिठासह ठेवला जाई. पाहुण्याने त्याचा तुकडा मोडून मिठात बुडवून खायचा, ही स्वागताची रीत आज सरकारी पाहुण्यांच्या बाबतीतही पाळली जाते.

विस्तव आणि माती

जुन्या डोंगरी घरात दोनच दालने असत. एकात जमिनीवर उघडी शेगडी पेटलेली असे आणि दुसरे निजण्यासाठी. झ्लातिबोरमधील सिरोगोयनो या गावी लाकडी घरांचे जे उघडे संग्रहालय उभे केले आहे, तेथे ही रचना पाहायला मिळते. अशा शेगडीवर पाव भाजण्यासाठी भट्टी लागत नसे, त्सरेपुल्या आणि साच ही दोन साधने लागत. त्सरेपुल्या म्हणजे जाड तळाचे, उथळ, झिलई न दिलेले मातीचे गोल भांडे. आणि साच म्हणजे त्यावर झाकण म्हणून ठेवायचा घुमटाकार पत्रा किंवा मातीचे झाकण. आधी त्सरेपुल्या विस्तवावर पालथी घालून चांगली तापवायची, मग ती सुलटी करून पुसायची, तिच्यात कणकेचा गोळा पसरायचा, काही ठिकाणी खाली कोबीचे पान घालायचे, वरून तापलेला साच ठेवायचा आणि त्याच्यावर निखारे व गरम राख लोटायची, असा हा क्रम असे. खालून तापलेल्या मातीची उष्णता आणि वरून निखाऱ्यांची उष्णता मिळाल्याने पाव दोन्ही बाजूंनी भाजला जातो, आणि कणकेतून निघणारी वाफ झाकणाखाली अडकून राहिल्याने साल लवकर कडक होत नाही, त्यामुळे पाव आतून पूर्ण फुगायला अवधी मिळतो. आधुनिक भट्ट्यांत वाफ सोडण्याची जी सोय मुद्दाम केलेली असते, ती या साध्या झाकणाने आपोआप साधत असे.

त्सरेपुल्या बनवणे हे बहुतांशी स्त्रियांचे काम होते, आणि ही गोष्ट विशेष आहे, कारण बाल्कनमधील चाकावरची कुंभारकी पुरुषांच्या हाती होती. पूर्व आणि दक्षिण सर्बियात यिर्मया संदेष्ट्याच्या दिवशी, १४ मे रोजी, स्त्रिया मातीत भुसा, काड किंवा बकरीचे केस मिसळून ती पायांनी तुडवत आणि चाकाशिवाय, हातानेच वर्षभराच्या त्सरेपुल्या घडवत. पाव भाजणारी स्त्रीच पावाचे भांडेही घडवत असल्याने भांड्याचा आकार आणि घरातल्या माणसांची संख्या यांचा मेळ आपोआप बसत असे. पुरुषांच्या कुंभारकीचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे उझित्से शहराजवळचे झ्लाकुसा हे गाव. तेथे हाताने फिरवायच्या चाकावर माती आणि कुटलेला कॅल्साइट हा खनिज दगड यांच्या मिश्रणातून भांडी घडतात. भाजलेली माती आणि कॅल्साइट उष्णतेने जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावत असल्याने ही भांडी थेट ज्वाळेवर ठेवली तरी तडकत नाहीत. या कुंभारकीचा २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

काथवटीतले खमीर

कणीक मळण्याचे मुख्य साधन म्हणजे नाच्वे नावाची लांबट लाकडी काथवट. ती झाकणासह असे आणि पुष्कळदा पायांवर उभी असे. तिच्यात पीठ चाळले जाई, कणीक मळली जाई, फुगायलाही तेथेच ठेवली जाई, आणि मागच्या वेळच्या कणकेतला एक लहान गोळा पुढच्या वेळेसाठी पिठात लोळवून तिच्याच कोपऱ्यात ठेवला जाई. या गोळ्याला क्वास म्हणतात. भाजण्याच्या आदल्या संध्याकाळी तो कोमट पाण्यात विरघळवून थोड्या पिठात मिसळायचा आणि रात्रभर उबेला ठेवायचा, म्हणजे त्यातले नैसर्गिक यीस्ट आणि दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू दोन्ही वाढतात. यीस्टच्या वायूने कणीक फुगते, तर जिवाणूंच्या आम्लामुळे पावाला आंबूस चव येते आणि त्याला बुरशीही उशिरा लागते. आठवड्यातून एकदाच पाव भाजणाऱ्या घरात हा टिकाऊपणा फार मोलाचा होता.

वोयवोदिनात याच कामासाठी कोम्लोव नावाचे कोरडे खमीर वापरत. हॉप्स या वेलीची फुले पाण्यात उकळून, त्या पाण्यात कोंडा किंवा मक्याचे पीठ आणि जुने खमीर मिसळून, तयार झालेल्या लगद्याचे लहान तुकडे सावलीत वाळवले जात आणि कापडी पिशवीत भरून वर्षभर वापरले जात. हॉप्समधल्या कडू द्रव्यांमुळे अनेक जिवाणूंची वाढ रोखली जाते, यीस्टला मात्र त्याची बाधा होत नाही, म्हणून या खमिराचा पाव क्वासच्या पावापेक्षा कमी आंबट आणि अधिक हलका होई. सूक्ष्मजीवशास्त्राचे नावही न ऐकलेल्या शेतकरी स्त्रियांनी सूक्ष्मजीवांची अशी निवड करण्याची पद्धत रुळवली, हे आवर्जून लक्षात घेण्यासारखे आहे. आज घरोघर वापरले जाते ते कारखान्यात तयार झालेले ओलसर यीस्ट, ४० ग्रॅमच्या लहान चौकोनी वडीच्या स्वरूपात. तिसा नदीकाठच्या सेन्ता या गावात यीस्टचा मोठा कारखाना आहे.

पिठाच्या बाबतीत सर्बियन गृहिणी एक आकडा नेहमी बोलते, तो म्हणजे ५००. दुकानातल्या पिठाच्या पुड्यावर टी-४००, टी-५००, टी-८५० असे प्रकार छापलेले असतात; पीठ जाळल्यावर मागे राहणाऱ्या राखेच्या प्रमाणावरून हे आकडे ठरतात, आणि टी-५०० म्हणजे ज्या पिठात खनिजद्रव्यांची राख सुमारे अर्धा टक्का आहे असे पीठ. कोंडा जितका जास्त तितकी राख जास्त आणि आकडाही मोठा. केक आणि पातळ पापुद्र्यांसाठी ४००, पोगाचा आणि पांढऱ्या पावासाठी ५००, आणि करड्या रंगाच्या पावासाठी ८५०, असा सर्वसाधारण संकेत आहे. एक किलो टी-५०० पिठाला यीस्टची एक वडी, सुमारे सहाशे मिलिलिटर कोमट पाणी किंवा दूध, वीस ग्रॅम मीठ आणि थोडे तेल, हे पोगाचाचे सर्वपरिचित प्रमाण आहे. पण पीठ किती पाणी पिते हे हवामानावर आणि गव्हावर अवलंबून असल्याने अनुभवी स्त्रिया पाण्याचे माप न सांगता, कणीक हाताला चिकटेनाशी झाली की थांबावे, एवढेच सांगतात. पाव झाला की नाही हे ठरवण्याची खूणही अशीच हाताची आहे: तो उलटा करून तळावर बोटाने ठोठावले असता पोकळ आवाज आला पाहिजे.

झाद्रुगा आणि पाळीची स्त्री

एकोणिसाव्या शतकापर्यंत ग्रामीण सर्बियात झाद्रुगा नावाची कुटुंबपद्धती प्रचलित होती. झाद्रुगा म्हणजे बाप, त्याचे विवाहित मुलगे, कधी त्याचे भाऊ आणि त्यांचीही मुले, अशा अनेक जोडप्यांनी जमीन, गुरे आणि अवजारे सामायिक ठेवून एकत्र राहणे. १८४४ च्या सर्बियन नागरी कायद्यात या व्यवस्थेविषयी स्वतंत्र तरतुदी होत्या. शुमादिया आणि पश्चिम सर्बियात मुख्य घराभोवती वायात नावाच्या लहान लाकडी खोल्या असत आणि प्रत्येक विवाहित जोडपे आपापल्या वायातमध्ये निजत असे. या खोल्यांत शेगडी नसे. विस्तव फक्त मुख्य घरात, आणि म्हणून अन्नही फक्त तेथेच शिजे. चूल वेगळी झाली की घर वेगळे झाले, हा मराठी माणसाच्या तोंडी असलेला हिशेब झाद्रुगाला तंतोतंत लागू पडत होता.

एवढ्या माणसांसाठी रोज पाव भाजण्याचे काम सुना पाळीपाळीने करत. ज्या सुनेची पाळी असेल तिला रेदुशा म्हणत, आणि साधारणपणे आठवडाभर ती शेतावर न जाता स्वयंपाक व भाजणी सांभाळी. या सर्वांवर देखरेख असे ती दोमाचित्सा, म्हणजे घरातली कर्ती स्त्री, बहुधा कर्त्या पुरुषाची पत्नी. या व्यवस्थेचा एक परिणाम फारसा विचारात घेतला जात नाही. सुना वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या घरांतून आलेल्या असत आणि प्रत्येकीने आपल्या आईकडून कणीक मळायला शिकलेले असे, पण पाळी कोणाचीही असली तरी पाव मात्र या घराचा वाटला पाहिजे अशी अपेक्षा असल्यामुळे प्रत्येक सुनेला सासरच्या काथवटीत, सासरच्या क्वासने, सासूच्या नजरेखाली नव्याने शिकावे लागे. अशा रीतीने घराच्या पावाची परंपरा रक्ताच्या नात्याने पुढे न जाता, बाहेरून आलेल्या स्त्रियांच्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेली. सर्बियन घरातील सर्वांत महत्त्वाच्या सणाचा पाव पाहिला की या गोष्टीचे महत्त्व कळते.

स्लावा

स्लावा म्हणजे कुटुंबाच्या रक्षक संताचा वार्षिक दिवस. सर्बियन ऑर्थोडॉक्स कुटुंबाचा एक ठरलेला संत असतो आणि त्याचा दिवस बापाकडून मुलाकडे वारसाने येतो. लग्न झालेली स्त्री पतीच्या घरची स्लावा पाळते. संत निकोलस यांचा १९ डिसेंबरचा दिवस असंख्य घरांत साजरा होतो. त्याखेरीज संत जॉन यांचा २० जानेवारी, संत जॉर्ज यांचा ६ मे, संत दिमित्री यांचा ८ नोव्हेंबर आणि देवदूत मायकेल यांचा २१ नोव्हेंबर हे दिवसही पुष्कळ घरांचे आहेत. या तारखा प्रचलित दिनदर्शिकेतल्या आहेत; सर्बियन चर्च हे दिवस जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे पाळते, जे सध्या प्रचलित दिनदर्शिकेच्या तेरा दिवस मागे चालते. स्लावाला आमंत्रण देण्याची पद्धत नाही. ज्यांना दिवस माहीत आहे ते येतात, आणि घरमालकाने, म्हणजे दोमाचिनने, त्या दिवशी स्वतः न बसता पाहुण्यांच्या सरबराईत उभे राहावे, असा संकेत आहे. २०१४ साली युनेस्कोने स्लावाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

टेबलावर चार वस्तू लागतात: मेणबत्ती, तांबडी वाइन, साखर आणि अक्रोड घालून केलेला शिजवलेला गहू, ज्याला झितो म्हणतात, आणि स्लाव्स्की कोलाच, म्हणजे स्लावाचा पाव. सणाच्या आधी काही दिवस धर्मगुरू घरी येऊन पाणी अभिमंत्रित करतात आणि त्याच पाण्यातले थोडे कोलाचच्या कणकेत घातले जाते. त्यानंतर एक निवड कॅलेंडरच करून देते. संत निकोलस यांचा दिवस २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी या ख्रिसमसपूर्व उपवासाच्या काळात येत असल्याने त्या घरच्या कोलाचमध्ये दूध, अंडी किंवा लोणी चालत नाही, केवळ पाणी आणि तेल, आणि जेवणातही मासे. तर मे महिन्यातल्या संत जॉर्ज यांच्या घरी दूध, लोणी आणि अंडी घालून मऊ, पिवळसर कोलाच होतो. त्यामुळे एका घरून दुसऱ्या घरी गेलेल्या सुनेला, माहेरचा कोलाच कितीही उत्तम येत असला, तरी पुष्कळदा कृतीच बदलावी लागते.

कोलाचचे सौंदर्य त्याच्या वरच्या सजावटीत असते आणि या सजावटीत मोठे कौशल्य लागते. पावाची मूळ कणीक खमिराची असते, पण सजावटीची कणीक मुद्दाम खमिराशिवाय, पीठ, पाणी आणि मीठ एवढ्यावरच घट्ट मळतात, कारण खमिराची कणीक भट्टीत फुगून नाजूक आकार बिघडवते. काठाने तीन पेडांची वेणी, वर क्रूस, त्याच्या भोवती गव्हाच्या ओंब्या, द्राक्षांचे घोस, वाइनचे पिंप, कबुतरे, गुलाब, उघडे पुस्तक, असे आकार कात्रीने, सुरीने, काट्याने आणि बोटांनी घडवले जातात. शेतकऱ्याच्या घरी ओंब्या अधिक तर द्राक्षमळ्याच्या घरी घोस अधिक, असाही फरक पूर्वी दिसत असे. मध्यभागी एक चपटी चकती ठेवून तिच्यावर लाकडी शिक्का उमटवतात, ज्यात क्रूसाच्या चार कोपऱ्यांत येशू ख्रिस्त विजयी होतो या अर्थाची संक्षिप्त ग्रीक अक्षरे कोरलेली असतात. भाजताना खालचा पाव तांबूस होतो आणि सजावट फिकट राहते, या फरकामुळे प्रत्येक पान आणि पाकळी उठून दिसते. असा कोलाच साधारण १८० अंश सेल्सिअसला तासभर भाजतात, आणि वरचा भाग लवकर रंगू लागला तर त्यावर ओलसर कागद घालतात.

एवढ्या श्रमाने घडवलेला पाव त्याच दिवशी मोडायचा असतो. चर्चमध्ये किंवा घरीच धर्मगुरू कोलाच उलटा करून त्याच्या तळावर क्रूसाच्या आकाराचे छेद देतात, त्यांत वाइन ओततात, मग धर्मगुरू, दोमाचिन आणि घरचे लोक कडेने हात लावून तो गोल फिरवत स्तोत्र म्हणतात, आणि शेवटी तो मोडून त्याचे चुंबन घेतात. धर्मगुरू उपलब्ध नसतील तर दोमाचिन स्वतःच हा विधी करू शकतो. मुलगा वेगळे घर करतो तेव्हा बाप त्याला कोलाचचा तुकडा देऊन स्लावा सोपवतो, आणि त्या वेळेपासून मुलाच्या घरी स्वतंत्र कोलाच होऊ लागतो.

येथे स्लावाची दुहेरी रचना स्पष्ट होते. तुकडा बापाच्या हातून मुलाच्या हाती जातो आणि वंशाची नोंद तशीच ठेवली जाते, परंतु पुढच्या वर्षी तो कोलाच मळायला बसते ती त्या मुलाची पत्नी, जी दुसऱ्या घरात, दुसऱ्या संताच्या दिवशी वाढलेली असते आणि जिला हे सारे सासूने दाखवलेले असते. पुरुषांची परंपरा नावाने चालते आणि स्त्रियांची हाताने, आणि दुसरी खंडित झाली तर पहिलीजवळ टेबलावर ठेवायला काही उरत नाही. सर्बियन लोकजीवनावरील लेखनात स्लावाच्या उगमाची चर्चा पुष्कळ झाली आहे. वेसेलिन चायकानोविच (१८८१–१९४६) या धर्म-अभ्यासकाने तिच्यामागे ख्रिस्तपूर्व काळातील पूर्वजपूजा पाहिली, तर चर्चची परंपरा तिचा संबंध पूर्वजांच्या बाप्तिस्म्याशी जोडते. देवदूत हे मृत नसून जिवंत आहेत, म्हणून त्यांच्या दिवशी झितो करू नये, असे काही घरांत मानतात, आणि चर्च हा समज अमान्य करते; पण तो समज टिकून आहे यावरूनच शिजवलेला गहू आणि मृतांचे स्मरण यांचे नाते लोकमनात किती घट्ट आहे हे दिसते. कोलाच कोणाच्या हातून घडतो, हा प्रश्न मात्र या चर्चेत क्वचितच आला, आणि ही उणीव मोठी आहे.

ख्रिसमसची चेस्नित्सा

सर्बियात ख्रिसमस ७ जानेवारीला येतो. त्या सकाळी जो पाव होतो त्याला चेस्नित्सा म्हणतात, आणि कोलाचच्या उलट तो दिसायला साधा, गोल आणि बऱ्याच भागांत बिनखमिराचा असतो. पूर्वी त्यासाठी सूर्योदयापूर्वी झऱ्यावरून किंवा विहिरीवरून कोणीही न उपसलेले पहिले पाणी आणले जाई. कणकेत एक नाणे, शक्य असेल तर चांदीचे, दडवतात. काही घरांत त्याबरोबर मक्याचा दाणा, घेवड्याचा दाणा किंवा आदल्या रात्री पेटवलेल्या बाद्न्याकची, म्हणजे ख्रिसमसच्या ओकच्या ओंडक्याची, ढलपीही घालतात, आणि ज्याला जी वस्तू मिळेल त्या वस्तूशी संबंधित भरभराट त्याच्या वाट्याला येईल असे मानतात. दाणा मिळाला तर पीक, नाणे मिळाले तर पैसा.

चेस्नित्सा सुरीने कापायची नाही. सर्व जण टेबलाभोवती उभे राहून तिच्या कडेला हात लावतात, ती फिरवतात आणि एकाच वेळी मोडतात. त्यामुळे घरातल्या प्रत्येक माणसाला तिला स्पर्श करता येईल एवढे जवळ यावेच लागते. वाटे मात्र उपस्थितांपुरते नसतात. एक तुकडा घरासाठी, एक प्रवासात असलेल्यासाठी, आणि एक पोलोझायनिकसाठी, म्हणजे ख्रिसमसच्या सकाळी पहिला येऊन चुलीतला ओंडका ठोकून ठिणग्या उडवणाऱ्या आणि घराला शुभेच्छा देणाऱ्या पाहुण्यासाठी ठेवला जातो. गुरांनाही वगळलेले नसे: सणासाठी नांगर, मेंढ्यांचा कळप, द्राक्षमळा यांच्या आकृत्या असलेले छोटे पाव भाजत, आणि मध्ये भोक असलेला एक पाव बैलाच्या शिंगात अडकवून तो कोणत्या बाजूला पडतो यावरून वर्षाचा अंदाज बांधत. वोयवोदिनात तर चेस्नित्सा हा पाव नसून अक्रोड, बेदाणे आणि मध घातलेला पातळ पापुद्र्यांचा गोड थर असतो. पण नाणे तिच्यातही असते.

पाळणा, लग्न, मरण

जीवनातील इतर प्रसंगांचे पाव आकाराने लहान आणि विधीने सोपे आहेत. मूल पहिली पावले टाकते तेव्हा पोस्तुपाओनित्सा नावाचा पोगाचा भाजून तो मुलाच्या डोक्यावर धरून मोडतात आणि मुलापुढे निरनिराळ्या वस्तू ठेवून ते काय उचलते हे पाहतात. नवरी सासरच्या घरात दोन्ही काखांत एकेक पाव घेऊन प्रवेश करते, म्हणजे पहिल्याच पावलाला तिच्या हाती घराचे अन्न येते. त्या वर्षी लग्न झालेल्या जोडप्यासाठी २२ मार्चचा, सेबास्ते येथील चाळीस हुतात्म्यांचा दिवस महत्त्वाचा. नवी सून तेव्हा मध लावलेले चाळीस लहान पाव, म्लादेनचिची, करून येणाऱ्या पाहुण्यांना देते. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाचा तो काळ असल्याने या पावांत अंडे वा दूध नसते, आणि गोडवा मधाचाच असतो. सासरच्या लोकांना तिच्या हाताची खरी ओळख होण्याचा हा दिवस असे. मृतांच्या स्मरणदिनी थडग्यावर नेऊन वाटायचे पाव वेगळे असतात. शिळा पाव कोठेच फेकला जात नाही. गरम पाण्यात वा दुधात शिजवून आणि चीज किंवा कायमाक घालून त्याची पोपारा करतात, आणि जमिनीवर पडलेला तुकडा उचलून त्याचे चुंबन घेण्याची सवय वृद्धांमध्ये अजून दिसते.

शहरातली काथवट

दुसऱ्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या समाजवादी युगोस्लाव्हियात धार्मिक विधींकडे सत्ताधारी कम्युनिस्ट पक्ष संशयाने पाहत होता आणि पक्षाच्या सभासदाने उघडपणे स्लावा साजरी करणे त्याच्या नोकरीला धोक्याचे ठरू शकत होते. तरीही कोलाच टिकला, कारण त्याला चर्चची इमारत किंवा सार्वजनिक जागा लागत नव्हती. स्वयंपाकघर पुरत होते. याच काळात कुटुंबे शहरांतील लहान घरांत राहायला गेली, नाच्वे माळ्यावर किंवा गावीच राहिली आणि विजेच्या ओव्हनने त्सरेपुल्याची जागा घेतली. १९९३ च्या महागाईत, जेव्हा ५०० अब्ज दिनारची नोट छापावी लागली आणि पावासाठी पहाटेपासून रांगा लागत, तेव्हा ज्यांच्याकडे पिठाचे पोते होते त्या घरांत रोजची भाजणी काही काळ परत आली; ही गरजेपोटीची गोष्ट होती आणि परिस्थिती सुधारताच बहुतेक घरांनी पुन्हा बेकरीची वाट धरली.

स्रेम भागातील पेचिन्त्सी या गावी चित्रकार स्लोबोदान येरेमिच यांनी उभारलेल्या पावाच्या संग्रहालयात प्रसंगाप्रसंगाचे असे विधीचे पाव जतन केलेले आहेत, आणि एरवी त्याच दिवशी मोडला जाणारा पदार्थ तेथे शेजारीशेजारी ठेवून पाहता येतो. प्रत्यक्ष जीवनात मात्र बदल चालू आहे. शहरांतील बेकऱ्या आता ख्रिसमसला चेस्नित्सा आणि वर्षभर मागणीप्रमाणे स्लाव्स्की कोलाच करून देतात; सजावटीत हातखंडा असलेल्या काही स्त्रिया घरूनच कोलाच करून विकतात, आणि त्यांच्या कामाची नजाकत पुष्कळदा घरच्या कोलाचपेक्षा सरस असते. विकत आणलेल्या कोलाचवरही धर्मगुरू विधी करतातच. तरीही अनेक कुटुंबांत सजावट दुसरीकडून आणली तरी कणीक घरी मळण्याचा, किंवा निदान अभिमंत्रित पाणी नेऊन त्या स्त्रीला देण्याचा आग्रह असतो. जेथे सासू दूर गावी आणि सून व्हिएन्ना किंवा शिकागो येथे आहे, तेथे ही कृती फोनवर शिकवली जाते, आणि तेथील पिठाचा आकडा वेगळा असल्याने पाण्याचे प्रमाण पुन्हा नव्याने ठरवावे लागते. जेथे मुलगी एकुलती एक आहे तेथे काही घरांत ती माहेरची स्लावाही पुढे चालवते, म्हणजे एकाच ओव्हनमध्ये वर्षातून दोनदा, दोन संतांसाठी, कधी एक उपवासाचा आणि एक दुधा-लोण्याचा असे दोन कोलाच भाजले जातात.